कापलं, पण चिकटवलं कुठे?

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लॅपटॉप सुखरूप पोचला. खोक्यात तू इतकी वर्तमानपत्रं कोंबली होतीस की आधी मला वाटलं, दादाने रद्दीच पाठवली. तुझ्या मेव्हण्यांना तर तो लगेच उघडून आत काय आहे ते बघायचं होतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्क्रू दिसला की हात शिवशिवतात. मी लॅपटॉप उचलला, आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली.

आता कामाचं. आयुष्य कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेलं. ओठांकडे बघून बोलणं कसं ओळखायचं, सराव कसा करायचा, घरच्यांनी कसं बोलायचं, हे सगळं पुस्तकात बसवतेय ते तुला माहीत आहेच. प्रकाशक म्हणतात की जुलैअखेर फाईल हाती आली तर पुस्तक यंदा निघेल. पुढच्या वर्षी ते स्वतःच निवृत्त होतायत, म्हणजे मग कधीच नाही. आणि मला ते यंदाच हवंय. का, ते विचारू नकोस.

अडचण अशी की प्रत्येक धड्याखाली एकच सूचना येते: ‘आरशासमोर उजेडात बसा, घाई करू नका, ओठांकडे बघा.’ ही ओळ मी एका बोटाने पुन्हा पुन्हा टाइप करतेय. काल एका धड्याखाली ‘आरशासमोर उजेडात बसा, घाई करा’ असं झालं. तिसऱ्या धड्यावर आहे आणि मान आखडली. यावर काहीतरी युक्ती असणार, आणि ती तुला ठाऊक असणार. फोन करून विचारणार होते, पण तुला फोन करणं म्हणजे शोभा. परवा मी विचारलं की लॅपटॉप कुठल्या बटणाने चालू होतो, तर तू सांगितलंस की दोघांची तब्येत ठणठणीत आहे. म्हणून हे पत्र.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी असू दे आणि उत्तर जरा झटपट टाक.

तुझी,
चिंगी


दि. ९ जून

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोनचं म्हणशील तर इथे लाइनवर सारखी खरखर असते. कंपनीला सांगून दमलो. त्यात माझा काय दोष?

एक ओळ पुन्हा पुन्हा टाइप करणाऱ्या बाईला मुलं इतकी वर्षं बाई कशी म्हणत होती, हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि शिकवायला घेतो. आमच्या छापखान्यात मजकूर हलवायचा तर मुद्रितशोधक म्हणून मी कात्रीने कापायचो आणि खळ लावून दुसऱ्या जागी चिकटवायचो. लॅपटॉपवर तेच करायचं, फक्त बोटं चिकट होत नाहीत.

ओळीच्या सुरुवातीला जा. शिफ्ट दाबून ठेव आणि ‘एंड’ लिहिलेलं बटण दाब. ओळ निळी होईल. म्हणजे ती निवडली गेली. मग कंट्रोल धरून सी दाब. वरून काही दिसणार नाही, घाबरू नकोस, नक्कल झाली. आता हवं तिथे जा आणि कंट्रोल धरून व्ही. ओळ हजर. कितीही ठिकाणी, कितीही वेळा. मजकूर मूळ जागेवरून उचलूनच न्यायचा असेल तर सीच्या ऐवजी एक्स. शब्दावर दोनदा टिचकी मारलीस तर तो शब्द निवडला जातो, तीनदा मारलीस तर अख्खा परिच्छेद. एका खिडकीतून दुसरीत उडी मारायला आल्ट धरून टॅब. माउसच्या मागे धावायचंच नाही, सगळा वेळ तोच खातो.

दोन गोष्टी पाळ. कागदावर लिहून मग टाइप करत बसू नकोस, ते दुप्पट काम आहे. थेट यंत्रावर लिही. आणि रोज सराव कर. माझ्या नावाचं मेल उघडून ठेव, पुस्तकातली एक ओळ उचल, त्यात चिकटव आणि पाठवून दे. बटणांकडे बघायचं नाही, स्क्रीनकडेही नाही. हाताला वळण लागलं पाहिजे. मेल आलं की मला कळेल, मास्तरीणबाई अभ्यास करतायत.

तुझी वहिनी मजेत आहे. टीव्हीच्या आवाजावरून तिने तुझ्याकडे काही कागाळी केली असेल तर टीव्हीचा स्पीकर बसलाय, एवढंच.

आमचे आशीर्वाद आहेतच, त्यांची नक्कल करावी लागत नाही.

तुझा,
दादा


दि. १६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, तू हे आधी का नाही सांगितलंस! काल दुपारी बसले आणि सगळ्या धड्यांखाली ती सूचना चिकटवून मोकळी झाले. व्ही, व्ही, व्ही! शेवटी तर मी गुणगुणायला लागले, तेव्हा तुझे मेव्हणे दारातून डोकावले. त्यांना वाटलं, रेडिओ लागला.

मानेचं दुखणं पळालं. मला खरोखर हलकं वाटतंय, दादा. या वयात नवीन काही जमेल की नाही, प्रकाशकांसमोर हसं होईल की काय, अशी धाकधूक होती. ती गेली. आता हे एका खिडकीतून दुसरीत उड्या मारणं मला इतकं आवडलंय की काम नसतानाही मारते.

शेवटचं एक मोठं प्रकरण राहिलं होतं, तेही तुझं ऐकून थेट यंत्रावर लिहिलं. कागदाचा कपटासुद्धा वापरला नाही. छान उतरलंय असं मलाच वाटतं. ते शेवटून उचलून सुरुवातीला न्यायचा विचार आहे, म्हणजे एक्स लागणार. बघ, कशी भाषा बोलायला लागले!

सरावाची मेलं पोचतायत ना? डोळे मिटून पाठवते, अगदी तुझ्या शब्दाबाहेर नाही.

दोघांनी तब्येती सांभाळा, आणि माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी विद्यार्थिनी,
चिंगी


दि. २२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, घात झाला. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

शेवटचं प्रकरण गेलं. अख्खं गेलं. शुक्रवारी सकाळी ते सगळं निळं केलं, कंट्रोल-एक्स दाबलं, प्रकरण उठलं. तेवढ्यात प्रकाशकांचा माणूस मुखपृष्ठाचा नमुना घेऊन दारात. त्याच्याशी बोलले, त्याला वाटेला लावलं, परत येऊन बसले आणि किरकोळ कामं उरकली. एका धड्याखाली सूचना राहिली होती, तीही वरच्या धड्यातून उचलून चिकटवली. मग आठवलं, अगं बाई, प्रकरण! पुस्तकाच्या सुरुवातीला गेले, कंट्रोल-व्ही दाबलं, तर काय उमटावं? ‘आरशासमोर उजेडात बसा, घाई करू नका, ओठांकडे बघा.’ पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा मला आरशासमोर बसायला सांगतंय! घाबरून फाईल बंद केली. तिने विचारलं की बदल जपून ठेवायचे का. मी आयुष्यभर नीट विचारणाऱ्याला नाही म्हटलेलं नाही. हो म्हटलं.

कागदावर एक अक्षर नाही. आठवून लिहायला बसले, तर पहिल्या पानापलीकडे सरकत नाही. दुसरं कुठलंही प्रकरण जातं तर मी एवढी रडले नसते. त्याच्याशिवाय पुस्तक काढण्यात मला काही राम वाटत नाही.

लॅपटॉप मी बंद केलेला नाही. कुठेतरी त्याच्या पोटात असेल आणि बंद केला की जाईल, अशी धास्ती वाटते. फ्यूज उडू नये म्हणून ह्यांना रेडिओच्या तारा जोडायची, डाग देण्याची इस्त्री लावायला बंदी केली आहे. दुरुस्तीला आलेले रेडिओ रांगेत पडून आहेत आणि हे तोंड एवढंसं करून बसलेत. तू उत्तर देईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

लवकर लिही रे. जीव टांगणीला लागलाय.

चिंगी


दि. २३ जून

चि. सौ. चिंगीस,
आशीर्वाद.

तुझं शुक्रवारचं मेल पोचलं. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. असो. अभ्यास उत्तम झालाय आणि मुद्दाही पोचला.

तू लहानपणापासून तोंडावर बोलणारी. माझ्याबद्दल काही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचंस. छापील धडे पाठवायची गरज नव्हती. माझ्या प्रकृतीची काळजी वाहणारे इथे आधीच पुष्कळ आहेत.

सरावाची मेलं आता पुरेत. तुला येतंय.

दादा


दि. २७ जून

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं मागचं पत्र तू मनाला लावून घेऊ नकोस. मी रागावलो होतो, थोडा अजून आहे, पण तो विषय नंतर. लिहिलेलं हरवणं म्हणजे काय ते छापखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

चूक माझी आहे. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, लॅपटॉपच्या हातात एका वेळी एकच जिन्नस मावतो. नवीन उचललंस की आधीचं टाकून देतो. तू सूचना उचललीस, त्याने तुझं प्रकरण टाकलं. दुसरी, कंट्रोल-झेड. शेवटची चूक उलटी फिरवणारं बटण. हे मी सगळ्यात आधी शिकवायला हवं होतं, आणि मी बसलो तुला माउस कसा टाळायचा ते सांगत!

आता असं कर. कंट्रोलच्या शेजारी चार चौकोनांच्या खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे. ते धरून व्ही दाब. आधी उचललेल्या सगळ्या गोष्टींची चळत तिथे दिसते, जर ती सोय चालू असेल तर. मुलांसाठीचा एवढा मजकूर असा वाऱ्यावर जाता कामा नये. मिळेल बहुतेक. तोपर्यंत मेव्हण्यांना म्हणावं, धीर धरा.

कळव लगेच. आमचं लक्ष तुझ्याकडे लागलंय.

तुझा,
दादा


दि. ३ जुलै

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने. दादाने विचारलं तर स्वेटरची वीण विचारली आहे म्हणून सांगा.

दादाने सांगितलेलं बटण दाबलं. तिथे लिहून आलं की ही सोय बंद आहे, चालू करायची का? चालू केली. आता ती इथून पुढचं सगळं लक्षात ठेवेल म्हणे. शहाणी कुठली! मग मी लॅपटॉप बंद केला. ह्यांनी त्याच क्षणी इस्त्री लावली आणि घरात रेडिओ वाजायला लागले. निदान एकाची तरी सुटका झाली.

वहिनी, ते प्रकरण मुलांसाठी नव्हतंच. मोठेपणी ज्यांना ऐकू येईनासं होतं त्यांच्यासाठी होतं. ही माणसं कशी मान डोलावतात, फोनला नावं ठेवतात, चारचौघांत हसायची वेळ आली की उशिरा हसतात, आणि मग हळूहळू चारचौघांत जाणंच सोडतात. ओठ वाचायचा सराव त्यांनी कसा करावा. समोरच्याला माझ्याकडे बघून बोल असं कसं सांगावं. प्रत्येक वाक्य लिहिताना माझ्यासमोर दादा होता. मागच्या वेळी मी डॉक्टरांचं नाव काढलं तर तो भरल्या ताटावरून उठला, तुम्ही बघितलंत. म्हणून ठरवलं होतं की पुस्तक छापून आलं की एक प्रत त्याला पाठवायची आणि गप्प बसायचं. त्याचं त्याने वाचलं असतं. त्याने पत्त्यांचा अड्डा सोडला असं तुम्ही कळवलंत, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. म्हणून मला पुस्तक यंदाच हवं होतं. उशीर झाला तर तो असाच घरात बसून राहील, अशी भीती वाटते मला.

आता प्रकाशकांना कळवणार आहे की त्या प्रकरणाशिवाय छापा. माझ्याच्याने पुन्हा लिहवत नाही.

आणि दादा माझ्यावर कशाला रुसलाय? छापील धडे कसले? मी तर रोज एकच ओळ पाठवत होते. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

तुमच्या मायेची आस धरून असलेली,
चिंगी


दि. ८ जुलै

चि. सौ. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

अगं खुळे, प्रकाशकांना काही कळवू नकोस! कळवलं असशील तर आधी धावत जा आणि परत घे. तुझं प्रकरण आमच्या न्हाणीघरात आहे.

नीट सांगते. दोनतीन आठवड्यांपूर्वी ह्यांना तुझं मेल आलं आणि हे लालबुंद झाले. काय झालं ते सांगेनात. दिवसभर घरात भांडी आपटल्यासारखे वावरले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून कसलेतरी कागद छापून आणले आणि मला दिसू नयेत म्हणून सदऱ्याच्या आत लपवले. माणसाचं पोट एका दिवसात चौकोनी झालं तर बायकोला दिसणार नाही का?

तेव्हापासून सकाळी दाढीला जे आत जातात ते तासभर बाहेर येत नाहीत. मी दाराला कान लावला. आत हे एकटेच पुटपुटत होते, पान, मान, भान, पान, मान, भान. म्हटलं, निवृत्तीनंतर काहींचं असं होतं. मुलाला बोलवावं की काय, अशा विचारात होते. मग हे बाहेर गेले असताना आत जाऊन शोधलं. आरशाच्या मागे घडी करून ठेवलेले कागद! तिथे लिहिलंय की पान, मान आणि भान म्हणताना ओठ अगदी सारखे दिसतात, म्हणून आधी आरशात बघून घ्या आणि बाकीच्या वाक्यावरून ओळखा. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. नवरा वेडा झालेला नाही, शिकतोय!

मला वाटलं, तूच धीर करून पाठवलंस, आणि मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. आज तुझं पत्र आलं तेव्हा उलगडा झाला. तू ते कापून हवं तिथे न चिकटवता ह्यांच्याच मेलात चिकटवलंस आणि डोळे मिटून पाठवून दिलंस. ह्यांना वाटतंय की बहिणीने मुद्दाम टोमणा मारला. तुझं हरवलेलं प्रकरण म्हणजे तेच, हे त्यांच्या डोक्यातही आलेलं नाही, कारण तू मुलांचं पुस्तक लिहितेस एवढंच त्यांना माहीत. आणि रागात असलेल्या माणसाला दोन आणि दोन किती ते सुचत नाही.

मी सगळं बघितलंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांना सांगू दे. परवा जेवताना त्यांनी माझ्या तोंडाकडे इतकं टक लावून बघितलं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची आठवण झाली. मी मुद्दाम सावकाश बोलले. हे हसले, आणि वेळेवर हसले गं.

तुझ्या लॅपटॉपात पाठवलेल्या मेलांचा कप्पा असतो म्हणे, त्यात बघ. ह्यांना कसं काय लिहायचं ते तू ठरव, मात्र माझं नाव घालू नकोस. दोघांनाही खूप आशीर्वाद, आणि आता डोळे पुसून कामाला लाग.

तुझी,
वहिनी


दि. १३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रकरण सापडलं! सगळं, शेवटच्या ओळीसकट. पाठवलेल्या मेलांच्या कप्प्यात सहज डोकावले आणि बघते तर हे तिथे ऐसपैस बसलेलं. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तुझ्या मेव्हण्यांच्या हातून इस्त्री निसटली आणि टेबलाला भोक पडलं. टेबल जाऊ दे. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

झालं होतं ते असं. शुक्रवारी तो मुखपृष्ठवाला माणूस गेल्यावर मी सवयीने आधी तुझा सराव उरकला. नवीन ओळ उचलायची विसरले, नुसतं व्ही दाबलं आणि तू सांगितलंस तसं न बघता पाठवून दिलं. ओळीच्या जागी प्रकरण गेलं. तुझ्या रागाचं कारण आत्ता कळलं मला, आणि कानशिलं तापली. दादा, तुला टोमणा मारायची माझी छाती नाही रे.

पण आता हातात लेखणी आहे तर अर्धवट सांगत नाही. ते तुला पोचलं चुकून. लिहिलं होतं मात्र तुझ्यासाठीच. पुस्तक छापून आल्यावर तू आपणहून वाचावंस, असं मनात होतं. फोनवर तू हो हो म्हणतोस तेव्हा मला तुझा राग येत नाही, पोटात तुटतं. मला माझा भाऊ पूर्वीसारखा भांडायला हवाय. आता तुला पुन्हा रागवायचं असेल तर रागव. मी वाट बघेन.

फाईल काल प्रकाशकांकडे गेली, तेच प्रकरण पहिलं. छपाईआधी एवढं प्रकरण तू नजरेखालून घालशील का? तुझ्याइतका कडक मुद्रितशोधक मला कुठे मिळणार? नाही म्हणालास तरी चालेल.

तुझ्या रागालोभाची सारखीच धनी,
चिंगी


दि. १९ जुलै

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

मुद्रितं तपासून आजच तुझ्या प्रकाशकांना धाडली. शुद्धलेखन तुझं बरं आहे, स्वल्पविराम मात्र मीठ टाकल्यासारखे पडलेत. एक दुरुस्ती मी अधिकाराने केली आहे. तू लिहिलंस की सराव आरशासमोर करावा. मी कंसात घातलं की न्हाणीघराच्या आरशासमोर करू नये. गरम पाण्याने त्याच्यावर वाफ धरते, आणि पुसत बसलं की पान कुठलं नि मान कुठली ते समजत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

कप्प्यात सहज डोकावलीस म्हणतेस. तुझ्या वहिनीचं पाकीट टपालात मीच टाकलं होतं, मास्तरीणबाई. स्वेटरची वीण सांगायला एवढं जाड पाकीट लागत नाही. तिला कळलंय हे मला तेव्हाच कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. पण तीही गप्प आणि मीही गप्प.

तुझं पत्र आलं त्या दिवशी लॅपटॉपसमोर बसलो आणि एक वाक्य टाइप केलं. ‘मला हल्ली नीट ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून सावकाश बोला.’ आयुष्यभर लोकांची पुस्तकं तपासली, पण या एवढ्या वाक्याने माझी सकाळ खाल्ली. चारदा पुसलं. ‘थोडंसं’ घातलं, काढलं. ‘फोनच्या खरखरीमुळे’ घातलं, तेही काढलं. शेवटी ते जसं आहे तसं उरलं.

मग ते निळं केलं, कंट्रोल-सी दाबलं, आणि मुलाला पाठवलं. मग मुलीला. मग पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या चौघांना, दातांच्या डॉक्टरला, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. पुन्हा पुन्हा टाइप करावं लागलं असतं तर माझ्याच्याने मुलाच्या पुढे गेलंच नसतं. एकदा लिहिण्यापुरतं धैर्य होतं, तेवढंच सगळ्यांना पुरलं. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. मुलाने पुढच्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अड्ड्यावरचे म्हणतात, त्यांना कधीचंच माहीत होतं, आणि मी हुकूम चुकीचा ऐकून त्यांना इतके डाव जिंकून दिले म्हणून ते बोलले नाहीत. चोर लेकाचे! रविवारी जातोय, एकेकाला बघतो.

तुझ्या वहिनीकडे मेल नाही. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिच्यासाठी ते वाक्य तोंडाने म्हणावं लागलं, आणि नक्कल केलेलं असूनही ते पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं अडखळलं. ती वळली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली की चहा केव्हाचा झालाय, तिने तीन हाका मारल्या.

सगळं समजलं, चिंगे. एक शब्द चुकला नाही.

आशीर्वाद भरभरून, आणि भांडायला केव्हाही ये.

तुझा,
दादा